सगळ्या पक्षांचे स्पीकरवाले

माईक लावून झाला की बाकीचे स्पीकरवाले 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतात. आबा तसं कधी म्हणाले नाहीत. ते खिशातून पेपरची घडी काढायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि त्या दिवशीचे बाजारभाव वाचायचे. कांदा, टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी, मेथी. मोठा पुढारी यायचा असला तरी आधी बाजारभाव. कार्यकर्ते चिडायचे. पण भाषणाला कधी न येणारी माणसं भाव ऐकायला लवकर येऊन बसायची, त्यामुळं गर्दी दिसायची आणि कार्यकर्ते गप्प बसायचे.

यवतला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान होतं. सभा कुठल्याही पक्षाची असो, दहाव्याचं प्रवचन असो की शाळेचं गॅदरिंग, माईक आबांचा. ते स्वतः समाजवादी. तसे आता तालुक्यात चार-दोनच उरले होते आणि त्यांतले निम्मे आबांशी बोलत नव्हते. "आमचा पक्ष फुटत फुटत माज्यापाशी आला, आता मी एकटा हाय, आता फुटायचा न्हाई," असं ते म्हणायचे. पण माईक मात्र सगळ्यांना द्यायचे, आणि सगळ्यांना सारखाच: एक कर्णा, एक बॉक्स. जास्त आवाज मागितला तर म्हणायचे, "मुद्दा मोठा करा, आवाज हाय तेवढाच ऱ्हाईल."

त्यांची आणखी एक खोड होती. भाषण करणारा कुणाच्या जातीवर किंवा आईबहिणीवर घसरला की माईक बंद पडायचा. आबा तोंडावर काही न दाखवता वायरी चाचपत बसायचे. माणूस भानावर आला की करंट यायचा. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याच्या सभेत तीनदा असं झालं तेव्हा त्याच्या माणसांनी आबांची गचांडी धरली. आबा म्हणाले, "मशीन जुनं हाय. त्याला शिवी पचत न्हाई."

मी त्यांच्या दुकानात लागले तेव्हा मला कुणीच काम देत नव्हतं. माझा नवरा वाळूच्या टिपरवर ड्रायव्हर होता. आमचं गाव भीमेच्या काठाला. गावातले एक शेठ नदीतली वाळू काढायचे. टिपर त्यांचे, जेसीबी त्यांचा, नदीही त्यांचीच असल्यासारखी. एका पहाटे तहसीलचं पथक रस्त्यात उभं राहिलं. पथकात आमच्याच गावचे कोतवाल होते. त्यांनी बॅटरी दाखवून हात केला. टिपर थांबला नाही. कोतवालांचा उजवा पाय चाकाखाली आला आणि पुढं गुडघ्याखालून कापावा लागला. केस चालली. नवऱ्यानं सांगितलं, ब्रेक लागले नाहीत. कोर्टानं ते मानलं नाही आणि त्याला पाच वर्षं सक्तमजुरी झाली. शेठचं नाव केसमध्ये आलं आणि वाटेत कुठंतरी गळून गेलं. टिपर दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला.

त्यानंतर गावात मला कुणी नावानं हाक मारेना. 'येरवड्यावाल्याची' म्हणायचे. लहान लेकीला घेऊन मी यवतला खोली केली आणि दुकानं-ढाबे धरून काम विचारत हिंडले. आबांच्या दुकानापुढं उभी राहिले तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय नागरिक, काय पायजे?"

मला वाटलं, मागं कुणी उभं आहे. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. आबा सगळ्यांनाच नागरिक म्हणायचे. पोलिसाला, ढाब्यावरच्या बिहारी आचाऱ्याला, आमदाराला. मी सगळं खरं सांगितलं. नवरा आत आहे, कशासाठी आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वायर गुंडाळता येती का? आठाच्या आकड्यात गुंडाळायची. गोल गुंडाळली की आतनं तुटती." एवढ्यावर मला काम लागलं.

पुढं हळूहळू बुकिंग घेणं, बॅटऱ्या चार्जिंगला लावणं, सगळं माझ्याकडं आलं. आबांना मशीनमधलं फारसं कळत नव्हतं, हे मला महिन्याभरात समजलं. ॲम्प्लिफायर बिघडला की ते त्याला दोन थापडा मारायचे आणि नाही चालला तर केडगावच्या मेकॅनिककडं पाठवायचे. त्यांना बोलणारी माणसं आवडायची, म्हणून त्यांनी हा धंदा धरला होता. घराणं मेंढरं राखणारं. वडलांनी कळप विकून जमीन केली. आबांच्या वाटणीची जमीन भाऊच कसायचे. बायको लवकर गेली. मूलबाळ नव्हतं.

येरवड्याला भेटीला जायची मला भीती वाटायची. पहिल्या वेळी आबा सोबत आले. एस.टी.त सबंध रस्ता ते माझ्या लेकीला रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं वाचायला लावत होते. भेट झाली. नवरा खाली मान घालून होता. आबा त्याला म्हणाले, "मी बी आत बसून आलोय, दुष्काळाच्या टायमाला. रस्ता अडवला म्हणून. लोकांनी बाहेर आल्यावर हार घातले. माज्या बराकीत शेळी चोरलेला एक जण हुता. त्यानं मला त्याचं कांबळं दिलं हुतं. त्याला कुणी हार घातला न्हाई. ते मला अजून पटलेलं न्हाई." नवऱ्याला काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

नवरा सुटून आला तेव्हा त्याला रांजणगावच्या कंपनीत बसवर लागायचं होतं. तिथं पोलिसांचा दाखला मागतात, तिथंच गाडी अडली. मग त्यानं एक जुना पिकअप चालवायला घेतला. शेतकऱ्यांची भाजी भरायची, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला न्यायची. आम्ही परत गावात राहायला गेलो. मी रोज जीपनं यवतला यायची. अशी वर्षं गेली. नदी मात्र खाली खाली जात राहिली. पात्रात खड्डे, काठच्या विहिरींचं पाणी तळाला. आमच्या वॉर्डातल्या बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागायला लागलं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा वॉर्डातली काही पोरं आमच्याकडं आली. म्हणाली, "दादा, तुम्ही उभे ऱ्हावा. वाळू कुठनं निघती, कवा निघती, कुणाला हप्ता जातो, हे तुमच्याइतकं कुणाला म्हाईत न्हाई." समोरून शेठचा पुतण्या उभा राहणार होता. त्याच्यावर कसली केस नव्हती.

नवरा म्हणाला, "शिक्षा झालेल्या माणसाला उभं ऱ्हाता येतंय का?"

कायद्यानं येत होतं. सुटून पाच वर्षं उलटलेली होती. वकिलानं तसं सांगितलं. पण नवऱ्याला कायदा नको होता. त्याला आबांचं मत हवं होतं. आबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "रविवारी दौंडला चला दोघं."

दौंडला स्टेशनजवळ रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांच्या घरी आबांच्या जुन्या मित्रांची बैठक भरायची. पाच-सहा म्हातारी माणसं, पोहे, आणि तावातावानं बोलणं. त्या दिवशी तळेगावचे एक गुरुजी आले होते. त्यांनी आयुष्यभर आबांबरोबर मोर्चे काढले होते. आबांनी आमची ओळख करून दिली, सगळं सांगितलं आणि विचारलं, "ह्यानं उभं ऱ्हावं का न्हाई?"

गुरुजी लगेच म्हणाले, "नाही. गुन्हेगारांना राजकारणात घेऊ नका म्हणून आपण घसा कोरडा केला. तुम्हीच माईक लावलात आणि आता तुम्हीच हे विचारता?"

"मी म्हणत हुतो ते सत्तेच्या जोरावर केस दाबणाऱ्यांबद्दल. ह्यानं केस दाबली न्हाई. भोगून आलाय."

"भोगून आला म्हणजे धुऊन निघाला का?"

"न्हाई. पर शिक्षा कोर्टानं ठरवली तेवढी. वरची शिक्षा आपण कोण देणार? आन् गुरुजी, आत कोण असतं ते तुमी बी बघितलंय. ज्याच्याकडं वकील न्हाई त्यो आत. टिपरचा मालक बाहेर आन् ड्रायव्हर आत. मग शिक्षा झालेल्यानं उभं ऱ्हायचं न्हाई असा नेम केला तर निवडणुकीत उरणार कोण? मालकच की." आबा पुढं म्हणाले, "मेंढरू चुकलं तर माजा बाप त्याला काठी मारायचा. पाणवठ्यावरनं हाकलत नव्हता."

गुरुजी म्हणाले, "मेंढरू पाणवठ्याचा कारभार मागत नाही, आबा. हा मागतोय. आणि उद्या तो शेठही चार महिने आत जाऊन येईल आणि हेच बोलेल. मग?"

"मग त्याला बी उभं ऱ्हाऊ द्यायचं. नेम एकच. मत द्यायचं का न्हाई ते लोकं बघतील."

रेल्वेचे काका म्हणाले, "म्हंजी उभं ऱ्हायचा हक्क सगळ्यांना, निवडून यायचा हक्क कुणालाच न्हाई."

"बरोबर," आबा म्हणाले.

मला वाटलं, आबा जिंकले. माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता, तो जरा सरळ झाला. तेवढ्यात गुरुजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "हे सगळं ठीक. पण ज्याचा पाय गेला त्याला विचारलंत का?"

आबांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना वादात हरलेलं बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "न्हाई विचारलं." मग बशी बाजूला सारून, "चुकलं."

परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. "आपण गरिबाची बाजू घ्यायला निघालो आन् कोतवालाला इसरलो. त्यो काय शेठ हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कोतवालांच्या घरी गेलो. गावात एवढी वर्षं राहून आम्ही त्या आळीत कधी पाय ठेवला नव्हता. कोतवाल ओट्यावर बसले होते. नकली पाय काढून शेजारी ठेवलेला. आम्हाला बघून त्यांनी तो झाकला नाही की लावला नाही. त्यांच्या बायकोनं आत जाऊन दार लोटून घेतलं.

नवऱ्यानं हात जोडले. "मामा, मी..."

"माफी मागायला आला असशील तर नको," कोतवाल म्हणाले. "मी माफ केलं असं तू चौकात सांगशील. मी माफ केलेलं न्हाई."

आबा म्हणाले, "माफी न्हाई मागत. त्याला पंचायतीला उभं ऱ्हायचंय. तुमचं म्हणणं काय ते ऐकाया आलोय."

कोतवाल म्हणाले, "उभं ऱ्हाऊ नको असं मी म्हणणार न्हाई. मी कोतवाल हाय, कायदा मला कळतो. पर माझ्या पायाचं काय झालं ते गावाला अजून कुणी नीट सांगितलेलं न्हाई. कोर्टात वकील बोलले. हा न्हाई बोलला. ह्यानं सांगावं. चौकात, समद्यांपुढं. मी ऐकाया यीन. मत देईन असं न्हाई."

वाटेत आबांनी नवऱ्याला सांगितलं, "माईक देतो. पर पयलं ते बोलायचं. वाळू, पाणी, विहिरी सगळं नंतर."

सभा शनिवारी संध्याकाळी होती. चावडीपुढच्या चौकात आबांनी कर्णा बांधला, बाजारभाव वाचले. कोतवाल पाय लावून, काठी टेकत आले आणि पुढच्या बाकावर बसले. शेठची माणसं पारावर उभी होती. माझी लेक आता कॉलेजात जाते. ती माझ्याजवळ, माझा हात धरून. मला वाटलं होतं, नवरा कोर्टात सांगितलं तेच सांगेल. ब्रेक लागले नाहीत, नशीब खोटं. आम्ही घरातही तेच धरून चाललो होतो. मी आबांना पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं.

नवऱ्यानं माईक धरला.

"त्या दिवशी ब्रेक लागत हुते," तो म्हणाला. "मला बॅटरी दिसली. हात केलेला दिसला. मामा हायत हे बी वळखलं. शेठचा फोन चालू हुता, थांबू नको म्हणत हुते. मला वाटलं मामा बाजूला हुतील. मी ब्रेकवर पाय दिला न्हाई. फोन शेठचा हुता, पर पाय माजा हुता."

एवढ्या वर्षांत हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. लेकीनं माझा हात सोडला नाही, एवढं आठवतं. पारावरून कुणीतरी ओरडलं, "ऐका, खुन्याची कबुली ऐका." आबांनी त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही.

कोतवाल काठीवर जोर देऊन उठले. मला वाटलं, निघाले. ते मागं वळले, गर्दीकडं बघितलं आणि विचारलं, "मागं ऐकू आलं का समद्यांना?"

मागच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"न्हाई आलं वाटतं," कोतवाल आबांना म्हणाले. "परत बोलाया लावा."

आबांनी आवाजाचं बटण फिरवलं. त्यांच्याकडं काम करत असताना एवढा आवाज त्यांनी वाढवलेला मी कधी बघितला नव्हता. नवऱ्यानं सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द कमी न करता. मग कोतवाल खाली बसले आणि तो वाळूबद्दल बोलला.

भाषण झाल्यावर आबांनी माईक शेठच्या पुतण्यापुढं धरला. "नागरिक, तुमी बी बोला. माईक सगळ्यांचा हाय." पुतण्या पुष्कळ बोलला. मंदिराचा सभामंडप, पेव्हर ब्लॉक, आपल्या चुलत्यांचे उपकार. नदीचं नाव त्यानं घेतलं नाही.

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही. मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आबांना म्हणाले, "तुम्ही हे त्याच्याकडनं वदवून घेतलंत. आता तो पडणार."

"पडंल," आबा म्हणाले. "पर तुला आता खरा नवरा म्हाईत झाला का न्हाई?"

मला तेव्हा त्यांचा राग आला. तो राग फार दिवस टिकला नाही. घरात नवरा पहिल्यांदाच झोपेत दचकायचा थांबला होता, ते मला कळत होतं.

नवरा पडला. फार मतांनी नाही, पण पडला. कोतवालांनी मत कुणाला दिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही. निकालानंतर गुरुजी तळेगावाहून मुद्दाम यवतच्या दुकानात आले. आबांना म्हणाले, "माझं मत तुमच्या गावात असतं तरी मी त्याला दिलं नसतं. पण त्याला उभं राहू द्यायला हवं होतं, हे मला मान्य आहे."

"एवढंच तर मी म्हणत हुतो," आबा म्हणाले आणि त्यांनी दोन चहा सांगितले. मग त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या ठरावावरून भांडण केलं.

त्या पावसाळ्यानंतर आबांचं अंग सुजायला लागलं. त्यांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं. भाऊ येऊन-जाऊन असायचे, पण रोजचा डबा मी न्यायची. ते तिथंही नर्सला नागरिक म्हणायचे आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पेपर वाचून दाखवायचे. त्यांच्यामुळं माझी लेक शिकली, माझं घर उभं राहिलं, असं मी एकदा बोलायला गेले तर म्हणाले, "मी वायर गुंडाळाया शिकवली. बाकीचं तुमी केलं." हे खोटं होतं. नवरा सुटून आला तेव्हा गावात परत राहायचं धाडस आम्हाला कुठून आलं, हे मला माहीत आहे. माझ्याशी तोवर एकच माणूस असं बोलला होता की जणू माझ्या घरात काही लपवण्यासारखं घडलंच नाही, आणि तरी जे घडलं ते त्यानं कधी विसरूही दिलं नव्हतं. दोन्ही एकदम कसं करायचं, ते मी त्यांच्याकडून शिकले.

अशात गावात ग्रामसभा झाली. वाळूवर लक्ष ठेवायला गावातल्या माणसांची समिती करायची होती. सरपंच नावं विचारत होते. नेहमीची तीन-चार नावं आली. मग कोतवाल उभे राहिले. त्यांनी माझ्या नवऱ्याकडं न बघता त्याचं नाव घेतलं. म्हणाले, "ह्याला घ्या. वाळू कुठनं निघती ते ह्याला ठावं हाय. आन् आता गाडी थांबवायची असती हे बी ठावं हाय."

कुणीतरी हसलं. कोतवाल हसले नाहीत. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं आणि हात वर झाले.

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दौंडला गेले ती धावतच. आबांना उशाशी टेकवून बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, त्यांना आनंद झाला असेल, काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी विचारलं, "हात मोजले का?"

"न्हाई, आबा. लई हुते."

"मोजाया पायजे हुते. लई हुते म्हंजी किती? उद्या कुणी म्हणंल, नव्हतेच." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "तू केलास का वर?"

"केला की."

"नवऱ्यासाठी का गावासाठी?"

मी विचार केला. त्यांच्यापुढं पटकन बोलून चालत नसे. मी म्हणाले, "दोन्हीसाठी."

"चालतंय," आबा म्हणाले. "पर मोजताना हात एकच धरायचा."

त्यांनी डबा पुढं ओढला. भाकरी मऊ केली होती. ती त्यांनी त्या दिवशी सगळी खाल्ली.